छत्री हवी, वाळवी नको!

"मला निसर्गाची फार आवड आहे" असं कुणी म्हणालं की हल्ली माझ्या पोटात गोळा येतो. कारण पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "म्हणून आम्ही मुरबाडकडे प्लॉट घेतला." आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत एका मजल्यावर चार बिऱ्हाडं, त्यातल्या दोघांचे असे प्लॉट आहेत. नात्यात मोजायला बसले तर हाताची बोटं पुरायची नाहीत. बदलापूर, मुरबाड, शहापूर, कर्जत... कुंपण, फाटक, छोटंसं घर आणि फाटकावर 'हिरवाई' नाहीतर 'सृष्टी' अशी पाटी. घेऊ देत बापडे. स्वतःच्या कष्टाचे पैसे आहेत. माझं भांडण प्लॉटशी नाहीच. तिथे निसर्गाच्या नावाने जे चालतं त्याच्याशी आहे, आणि आज ते मी अळंबीवरून उकरून काढणार आहे. आमचे नातेवाईकही हे वाचतात. ज्याला लागेल त्याने खुशाल मनाला लावून घ्यावं.

पावसाने चांगला जोर धरला की कल्याण-डोंबिवलीच्या स्टेशनांबाहेर ठाकूर, कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसतात. शेवळं, फोडशी, मग कंटोली. त्यांच्यातल्या एखादीकडे मोठ्या पानात झाकून ठेवलेली अळंबी असते. वर्षातले थोडेच दिवस. ही अळंबी म्हणजे प्लास्टिकच्या डब्यातलं बटन मशरूम नव्हे. बटन आणि धिंगरी शेडमध्ये पिकवता येते. ही रानातली, वारुळावरची अळंबी अजून माणसाला शेडमध्ये बाजारापुरती पिकवता आलेली नाही. तिला पिकवते फक्त वाळवी.

हे मी अलंकारिक बोलत नाहीये. अक्षरशः पिकवते. वारुळाच्या पोटात वाळवी सुकी पानं, काटक्या, गवत खाऊन त्याच्या विष्ठेचा मधमाशीच्या पोळ्यासारखा छिद्राछिद्रांचा मळा रचते आणि त्यावर एक बुरशी वाढवते. लाकडातला जो कठीण भाग वाळवीला पचत नाही तो ही बुरशी मऊ करते, आणि मग तो मळा वाळवी खाते. पावसाळ्यात त्या बुरशीला जमिनीबाहेर छत्री फुटते, ती आपली अळंबी. वारूळ वर दिसत नसेल, घर पूर्ण जमिनीखाली असेल, तरी सपाट मातीतून ती वर येते. तिचा देठ मुळासारखा लांब खाली गेलेला असतो, थेट त्या मळ्यापर्यंत. रॉजर हाइम नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये या कुळाला टर्मिटोमायसीस असं नाव दिलं, म्हणजे सरळ 'वाळवीची बुरशी'. ही शेती आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली असं मानतात. माणसाच्या शेतीला जेमतेम दहा-बारा हजार वर्षं झालीत, आणि तेवढ्यावर आपण स्वतःला बळीराजा म्हणवून घेतो!

पहिल्या पावसात ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे घिरट्या घालतात आणि सकाळी लादीवर नुसत्या पंखांचा खच पडतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. घरातले दिवे बंद करून आपण त्यांना शिव्या घालतो. ते बहुतेक वाळवीचे नवे राजे-राण्या असतात. जोडीने जमिनीत शिरून ते नवं घर मांडतात, पण मळ्याचं बियाणं बरोबर नेत नाहीत (निदान आपल्याकडच्या बहुतेक जाती तरी). ते पुढे त्यांची कामकरी पोरं बाहेर येऊन गोळा करतात, उघडलेल्या छत्र्यांमधून उडालेली बीजं. म्हणजे वारुळावरच्या सगळ्या कळ्या खुडून नेल्या, एकही छत्री उमलू दिली नाही, तर आसपासच्या नव्या वारुळांना बियाणं मिळायचं कुठून? जुन्या बायका चार-दोन छत्र्या मागे ठेवून देतात. हौशी मंडळी पहारीने खणून मळ्यासकट बाहेर काढतात आणि फोटो टाकतात.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. मागच्या आषाढात त्याने विचारलं, "आत्या, आमच्या प्लॉटवर पूर्वी टोपलीभर अळंबी यायची असं वॉचमन सांगतो. आता का नाही गं येत?" मी विचारलं, "तिथे दोन मोठी वारुळं होती ना रे?" तर म्हणतो, "ती जेसीबीने काढून टाकली. वर सगळ्या प्लॉटवर वाळवीचं औषध मारून घेतलंय. दहा वर्षांची गॅरंटी आहे." म्हटलं, "मग अळंबी न येण्याचीही दहा वर्षांची गॅरंटी मिळाली की!" तो हसला. मला काही हसू आलं नाही.

वारूळ होतं तिथे आता लॉन आहे. आणि गंमत अशी की लॉनवरही पावसाळ्यात छत्री येते. मोठी, पांढरी, वर तपकिरी खवले, दिसायला इतकी देखणी की कुणालाही कढईत टाकावीशी वाटेल. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस असं तिचं लांबलचक नाव. टोपीखालच्या पात्या कोवळेपणी पांढऱ्या असतात, पुढे हिरवट होतात. खाल्ली की काही तासांत उलट्या-जुलाब. शेणखत घातलेलं मऊ लॉन तिला फार मानवतं. म्हणजे खाण्याजोगी अळंबी देणारं वारूळ पाडायचं आणि पोट बिघडवणारी छत्री पोसायची, वर त्याला निसर्गाची आवड म्हणायचं.

यावर लगेच उत्तर येतं, "मावशी, वाळवी घर पोखरते त्याचं काय?" खरं आहे, पोखरते. चौकटी, पुस्तकं, कपाटं. वाळवीने खाल्लेली पुस्तकं मी शाळेच्या ग्रंथालयात आयुष्यभर पाहिली, मला तिचं कौतुक सांगू नका असं मीही म्हणू शकते. घराच्या पायाला, चौकटींना काय करायचं ते जरूर करा. पण पंधरा-वीस गुंठ्यांच्या टोकाला असलेलं वारूळ तुमच्या चौकटीसाठी उभं नसतं. ते पालापाचोळा खात असतं. आणि तुम्ही तर पालापाचोळाही ठेवत नाही! दर रविवारी माळ्याकडून झाडून घेता आणि जाळता. मग भुकेली वाळवी चौकटीकडे नाही तर कुठे जाईल?

दुसरी मंडळी मोबाईलवाली. छत्रीचा फोटो काढला की नाव सांगणारं ॲप असतं म्हणे. त्या फोटोत बीजांचा रंग दिसत नाही, मातीत गेलेला देठाचा बुंधा दिसत नाही, आणि नेमक्या त्याच खुणा लागतात. रुपयाचं चांदीचं नाणं टाका, लसूण टाका, काळं पडलं तर विषारी, ही जुनी परीक्षाही तितकीच पोकळ. काही विषारी जातींचं विष शिजवूनही जात नाही. सहा-बारा तास काही होत नाही, मग उलट्या, मग एखादा दिवस चक्क बरं वाटतं, आणि तोवर यकृत गेलेलं असतं. ज्याला लहानपणापासून कुणी हाताला धरून शिकवलेलं नाही त्याने अळंबी खुडूच नये, असं माझं स्वच्छ मत आहे. येऊरला तर मुळीच नको. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून काडीसुद्धा उचलायची नाही असा १९७२ चा कायदा आहे. गोव्यातही वन खात्याला अभयारण्यांतून अळंबी काढू नका असं लोकांना बजावावं लागलं आहे.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर, तिथे आणि तळकोकणात सातेरी देवी वारुळाच्या रूपातच पुजली जाते. गोव्याचे कवकशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत अळंबीसाठी वारुळं जपा म्हणून वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. आपल्याकडे नागपंचमीला वारुळाची पूजा होती, त्या दिवशी खणायचं नाही, नांगरायचं नाही अशी रीत होती. आता नागोबा पाटावर चंदनाने काढतात आणि वारुळावर जेसीबी. नाग तसाही तिथला भाडेकरूच, घर बांधलं वाळवीने. 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आम्ही वर्गात वाक्यात उपयोग करायला द्यायचो. आता उदाहरणासाठी फार लांब जावं लागत नाही.

आणि ती स्टेशनबाहेरची बाई. कुठल्या माळावर कुठलं वारूळ, कोणत्या नक्षत्रात तिथे अळंबी येते, हे तिला पाठ असतं. तिच्या आईलाही होतं. तुमच्या फाटकाच्या आतली वारुळंही त्या पाठात होती. कुंपण पडलं की तिचा तेवढा माळ गेला. पहाटे उठून, दुसऱ्या माळावर पायपीट करून ती लोकलने येते, आणि आपण तिच्याशी वाट्यामागे वीस रुपयांवरून घासाघीस करतो. "एवढ्याशाचे एवढे?" मॉलमध्ये डब्यावरची किंमत वाचताना तोंड उघडतं का कुणाचं?

भाच्याच्या शेजारचा प्लॉट एका अमेरिकेतल्या गृहस्थांचा आहे. त्यांना यायला सवड नाही, त्यामुळे कुंपण अर्धं पडलंय, गवत कमरेएवढं माजलंय आणि मधोमध एक वारूळ तसंच उभं आहे. सोसायटीने त्यांना प्लॉट अस्वच्छ ठेवल्याबद्दल पत्र पाठवलंय. यंदा त्या वारुळावर दोनदा अळंबी आली. वॉचमनच्या बायकोने तिचं कालवण केलं आणि माझ्या भाच्याला एक वाटीभर नेऊन दिलं.