पोथी कुणाच्या हातातली?

लेखकांना 'सारस्वत' म्हणायचं आणि साहित्य संमेलनाला 'सारस्वतांचा मेळा', ही मराठीची जुनी खोड. २०१९ च्या जानेवारीत असा ९२ वा मेळा आमच्या यवतमाळात भरला. नयनतारा सहगलांना बोलावून मग येऊ नका म्हणून कळवलं. उद्घाटनाला उभी केली वैशाली येडे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको. बाई नीट, सरळ बोलली. पण 'सारस्वत' या शब्दात ती कुठं बसते?

सरस्वतीकडं बघा. पांढरं लुगडं, वीणा, हंस, हातात पोथी. पंडित सांगतात, पांढरं म्हणजे शुद्ध. पांढरं आम्हीही नेसतो, वंदनेला. पण गोदीत गोणी वाहणाऱ्याचं कापड सांजेपर्यंत पांढरं राहत नाही, आणि याच 'शुद्ध' शब्दानं आमच्या आज्या-पणज्यांना विहिरीवरून हाकललं. पोथीचंही तेच. शूद्रानं वेद ऐकला तर कानात कथील नाहीतर लाख ओता, असं गौतम धर्मसूत्र सांगतं. विद्येची देवता बाई, आणि बाईलाच विद्या बंद! १८४८ ला जोतिबा-सावित्रीनं पुण्यात मुलींची शाळा काढली, तर सावित्रीमाईच्या अंगावर शेण पडलं.

म्हणून २०२१ च्या जानेवारीत यशवंत मनोहरांनी मंचावर सरस्वतीची प्रतिमा असणार म्हणून विदर्भ साहित्य संघाचा जीवनव्रती पुरस्कार नाकारला, ते बरोबरच केलं. लोक म्हणाले, प्रतिमाच तर आहे, एवढं काय त्यात? अरे, प्रतिमाच असेल तर बाजूला ठेवायला एवढं काय?

आता दुसरी गोष्ट ऐका. आजवर सापडलेली सगळ्यात जुनी मानली जाणारी सरस्वती मथुरेच्या कंकाली टेकाडातली, दुसऱ्या शतकातली. ती जैनांची. डोकं तुटलंय, हातातली पोथी शाबूत आहे. खालच्या लेखात दान देणाऱ्याचं नाव कोरलंय: गोव, धंद्यानं लोहार. म्हणजे दगडात पोथी कोरायला पैसा दिला तो हातानं राबणाऱ्या माणसानं. मग ती पोथी मिटली कुणी?

म्हणून काय तिला पुन्हा पुजायचं? बिलकूल नाही. आपला हक्क देवीवर नाही, पोथीवर आहे.

दसऱ्याला पोरं पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढतात, हळदकुंकू वाहतात. आपल्या पोरांना सांगा, आकडा पुजायला नसतो, मोजायला असतो. बापाची हजेरी किती भरली, मुकादमानं किती मांडली, हे पहिल्यांदा त्या पाटीवर मांडा.