चित्राखाली आईचे नाव कोण लिहिणार?

आमच्या उमरोळीच्या आसपास वारली पाड्यांवर लग्नघरी भिंतीवर लग्नाचा चौक काढतात. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेघा ओढायच्या, मधोमध पालघट देवी काढायची. ती सृजनाची, मातृत्वाची देवता. हा चौक पिढ्यान् पिढ्या सुवासिनीच काढीत आल्या. आपण बौद्धांनी देवी मानावी, असे आम्ही म्हणत नाही. मुद्दा वेगळा आहे. १९७० नंतर ही कला कागदावर आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्याचा आम्हांस अभिमानच आहे. पण आधी भिंती रंगविणाऱ्या त्या आया-बायांची नावे कुणी लिहून ठेवली?

आपल्या घरात तरी वेगळे काय आहे? रमाई जयंतीला आपण व्यासपीठावरून आईची थोरवी गातो. कार्यक्रम संपल्यावर घरी जाऊन भांडी कोण घासते? तारापूरच्या कंपनीत दिवसभर उभी राहिलेली तीच आई. 'आई म्हणजे त्याग' असे म्हटले की तिच्या कामाचा हिशेब ठेवावा लागत नाही.

हा हिशेब आपल्याच काही लेखिकांनी व कलावंतांनी मांडला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील उर्मिला पवार यांचे 'आयदान' हे आत्मकथन २००३ साली आले. आयदान म्हणजे बांबूची सुपे, टोपल्या, रोवळ्या. वडील गेल्यावर त्यांच्या आईने ती विणून मुले वाढविली. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांचा धागा एकच आहे, असे त्या मानतात. पुढे त्या स्वतः आई झाल्या. नोकरी, मुले, स्वयंपाक सांभाळून एम.ए. करताना घरात जी ओढाताण झाली, तीही त्यांनी लपविली नाही. आई म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. तीही दमते, चिडते, तिलाही शिकावेसे वाटते.

पुण्याच्या राज्यश्री गुडी या तरुण चित्र-शिल्पकार. त्यांनी घरच्या अल्बममधील जुने फोटो घेऊन एक मालिका केली. त्यात कुटुंबातील माणसे मिळून जेवताना दिसतात. ज्यांना शिळे-उष्टे खावे लागले, त्यांच्या लेकरांचे भरले ताट हाही इतिहासच, हे त्या फोटोंतून कळते. असे फोटो तुमच्या-आमच्या पेटीतही पडून आहेत.

बाबासाहेबांनी मातृत्वाकडे नुसत्या भावनेने पाहिले नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या सवलतीच्या विधेयकाला पाठिंबा देताना, कामकरी आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. आई हीही कामगार आहे आणि तिला हक्क आहे, हा त्याचा अर्थ. तो हक्क कायद्यात आला. घरात अजून यायचा आहे.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. येत्या रविवारी पेटीतले फोटो बाहेर काढा. आई, आजी, आत्या यांना शेजारी बसवून विचारा : माहेर कोणते, शाळा कितवीत सुटली, पहिली मजुरी किती मिळाली, धम्मदीक्षेची काय आठवण आहे? फोटोमागे नाव, गाव, साल लिहा. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींकडून हे वहीत उतरवून घ्या. ज्या आईला गाणे, शिवण, चित्र, लेखन येते, तिला आठवड्यातून दोन तास मोकळे द्या. त्या वेळी भाकरी मुलांनी थापावी, बापानेही थापावी. काही बिघडत नाही.

आजी आहे तोवर विचारा. तिच्यामागे ही माहिती कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.

जयभीम.