नवी आठ की जुने एक?



गेल्या पालक सभेत आपल्या बँडपथकाचा विषय निघाला होता. एका माजी विद्यार्थ्याने पथकाच्या वाद्यांसाठी ८० हजार रुपयांची देणगी दिली आहे. ती कशी खर्च करावी यावर बरीच चर्चा झाली आणि दहा-दहा हजारांची आठ नवी कोरी क्लॅरिनेट घ्यावीत, असा बहुतेकांचा कल दिसला. २६ जानेवारीच्या संचलनात आठ मुले एका रांगेत चकचकीत वाद्ये घेऊन उभी राहिली, तर शोभा येईल यात शंका नाही. तरीही मी त्या सभेत विरोध केला. दोन मिनिटांत मला माझे म्हणणे नीट मांडता आले नाही, म्हणून हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, या पैशातून चांगल्या प्रतीचे, लाकडी, व्यावसायिक दर्जाचे एकच जुने क्लॅरिनेट घ्यावे. ते शाळेच्या मालकीचे असावे आणि जो विद्यार्थी त्याला लायक ठरेल त्याला वापरायला द्यावे.

सध्या अशी एक विद्यार्थिनी आपल्याकडे नववीत आहे. तिचे नाव येथे लिहीत नाही, पण स्नेहसंमेलनात जिने वाजवले ती, म्हटले की सर्वांच्या लक्षात येईल. तिच्याकडे शाळेचेच प्लॅस्टिकचे क्लॅरिनेट आहे. त्याची एक चावी रबर बँडने बांधलेली आहे. वरच्या सप्तकात गेले की स्वर चढतो आणि तो खाली आणण्यासाठी ती ओठ सैल सोडते. हीच सवय लागली तर पुढे मोडणे कठीण. तिचे वडील रिक्षा चालवतात. सभेनंतर ते मला म्हणाले, "सर, आमाला परवडंल असं काय असंल तर सांगा. पोरीचं मन मोडवत नाही बगा." मी त्यांना नव्या वाद्याची किंमत सांगितली नाही. बुफे क्राम्पाँ या फ्रेंच कंपनीचे आर-१३ हे क्लॅरिनेट १९५५ पासून जगभरचे वादक वापरतात. ते नवे घ्यायचे तर चार लाखांच्या पुढे हिशेब जातो. जुने घेतले तरी निम्म्याच्या आसपास मोजावे लागतात. म्हणजे आपले ८० हजारही त्याला पुरणारे नाहीत.

मग ८० हजारांत व्यावसायिक वाद्य येईल कसे? तर जुन्या वाद्यांच्या बाजारात नावाला वेगळी किंमत मोजावी लागते. आर-१३ सर्वांनाच हवे असते, म्हणून ते महाग. पण त्याच काळात पॅरिसच्या सेल्मर कंपनीने काढलेली 'सेंटर्ड टोन' आणि 'सिरीज ९' ही क्लॅरिनेटही व्यावसायिक वादकांसाठीच बनवलेली होती. लेब्लांकचीही अशी वाद्ये आहेत. आज त्यांना मागणी कमी आहे, म्हणून ती पुष्कळ कमी किमतीत मिळतात. लाकूड तेच, आफ्रिकेतले ग्रेनाडिला, आणि त्यावर काम करणारे हातही कसलेलेच. पन्नास-साठ हजारांत असे वाद्य आणि उरलेल्या पैशात त्याची संपूर्ण दुरुस्ती, असे गणित बसू शकते.

मात्र जुने वाद्य घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतो. १९७८ साली मी एका जुन्या बाजारातून साडेचारशे रुपयांना लाकडी क्लॅरिनेट आणले. तेव्हा ती माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम होती. वाद्य दिसायला देखणे आणि आवाज गोड. पण पेटीबरोबर वाजवायला बसलो की जुळेना. जोड ओढून लांब केला तर काही स्वर उतरत, काही तिथेच राहत. माझे मामा पलटणीच्या बँडमध्ये वाजवीत. त्यांनी वाद्य हातात घेतले, उलटेपालटे केले आणि कोरलेली दोन अक्षरे दाखवली : 'एच. पी.'. ते म्हणाले, "भाच्या, हे हाय पिच. गोऱ्या पलटणीचं जुनं वाद्य. हे आपल्या पेटीशी जन्मात जुळणार नाही."

त्याचे कारण असे. ब्रिटिश लष्करी बँड साधारण १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चढ्या सुरात वाजत. त्यांचा 'ए' हा स्वर सेकंदाला ४५२ कंपनांच्या जवळ असे. आजचा प्रमाण स्वर ४४० चा आहे. हा फरक जवळजवळ अर्ध्या स्वरांतराच्या निम्मा होतो आणि असे वाद्य आजच्यापेक्षा साधारण दीड सेंटिमीटर आखूड असते. आपले गाव छावणीचे. अशी वाद्ये आपल्याकडच्या माळ्यांवर अजूनही निघतात. ती जपून ठेवावीत, पण मुलांना शिकायला देऊ नयेत.

दुसरी गोष्ट चाव्यांच्या रचनेची. आज सर्वत्र शिकवली जाते ती बोहम पद्धत क्लोझे आणि बुफे यांनी १८३९ च्या सुमारास पुढे आणली. त्याआधीच्या साध्या पद्धतीची वाद्येही पुष्कळ वर्षे बनत राहिली. उजव्या करंगळीसाठी चार चाव्या असतील तर बोहम. दोनच असतील तर बहुधा जुनी पद्धत, आणि त्यावर बोटे वेगळी पडतात.

तिसरी गोष्ट नावाची. 'बुफे आहे' एवढे ऐकून पैसे मोजू नयेत. त्याच कंपनीचे बी-१२ हे प्लॅस्टिकचे, शिकाऊ मुलांसाठीचे वाद्य आहे. ई-११ लाकडी असले तरी तेही शिकणाऱ्यांसाठीच. बूझी अँड हॉक्सचे १०१० हे खरोखर व्यावसायिक, पण त्याची नळी रुंद असल्याने त्याला त्याचाच माउथपीस लागतो. तो हरवलेला असेल तर स्वस्तात मिळालेले वाद्यही महागात पडते.

चौथी गोष्ट तड्यांची. वरचा जोड उजेडात धरून स्वरांच्या भोकांभोवती बारीक नजरेने पाहावे. तडा दिसला म्हणजे वाद्य बाद असे नाही. नीट बुजवलेला तडा वर्षानुवर्षे टिकतो. भोकातून आरपार गेलेला उघडा तडा मात्र घेऊ नये. पॅड आणि कॉर्क झिजलेले असतील तर ते बदलता येतात. एक सोपी परीक्षा आहे. जोडाची सर्व भोके बोटांनी बंद करावीत, खालचे तोंड तळव्याने झाकावे आणि वरून हवा ओढावी. ओढ क्षणभर टिकली तर पॅड घट्ट बसतात. लगेच सुटली तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.

वाद्य परदेशातून मागवायचे झाल्यास जकात आणि वाहतूक धरूनच हिशेब करावा. ग्रेनाडिला हे संरक्षित जातींपैकी लाकूड असल्याने २०१७ मध्ये त्याच्या वाद्यांनाही परवाना लागू झाला होता. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. पण मला वाटते, आधी जवळ पाहावे. चोर्ला घाट उतरला की गोवा आहे. तिथल्या चर्चच्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या पाश्चात्त्य संगीत शिकवले गेले आणि त्यातूनच कितीतरी वादक मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गेले. अशा घरांच्या कपाटांत आजोबांचे क्लॅरिनेट पेटीत पडून असते. मुलाबाळांना वाजवता येत नाही आणि भंगारात द्यायला मन होत नाही. 'शाळेतल्या मुलीला हवे आहे' असे सांगितले, तर किमतीपेक्षा ते वाजणार याचेच त्यांना समाधान असेल.

आता विरोधी बाजूचा मुद्दा. सभेत एक ताई म्हणाल्या, "पैसा सगळ्या मुलांचा, मग वाद्य एकीलाच का?" प्रश्न रास्त आहे आणि त्यांचा हेतूही चांगला आहे. त्याला माझे उत्तर असे. स्वस्त वाद्यांच्या चाव्या मऊ धातूच्या असतात. त्या वाकतात, स्क्रू सैल होतात आणि दुरुस्त करणारेही हात लावायला तयार होत नाहीत. पथकाच्या कपाटात तशी पाच क्लॅरिनेट आजही पडून आहेत. कुणाला खात्री करायची असेल तर कपाट उघडून पाहावे. आठ नवी घेतली तर तीन-चार वर्षांत त्या पाचांची तेरा होतील. याउलट चांगले लाकडी वाद्य जपले तर पन्नास वर्षे चालते. आजची मुलगी गेली की ते पुढच्याच्या हाती जाईल. तेव्हा ते एकीचे नसून एकामागून एक येणाऱ्या अनेकांचे आहे. नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी त्या पाचांपैकी जी दुरुस्त होण्यासारखी असतील ती दुरुस्त करून घ्यावीत. पहिली दोन वर्षे तेवढे पुरते, हे मीही मान्य करतो.

यासाठी काही नियम हवेत. वाद्याची नोंद शाळेच्या वहीत असावी. दरवर्षी वाजवून घेऊन ते कोणाला द्यायचे हे ठरवावे. शाळा सोडल्यावर आणखी दोन वर्षे ते विद्यार्थ्याकडे राहू द्यावे, कारण खरी गरज तेव्हाच असते. दरवर्षी थोडी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात पॅडना बुरशी धरते आणि उन्हाळ्यात लाकूड सुकते, म्हणून वाजवून झाले की आतून पुसूनच पेटीत ठेवावे.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचा बँड ऐकत आपले गाव मोठे झाले. वादकाची नोकरी ही खरी नोकरी आहे, हे आपल्याला कुणी सांगायला नको. हवाई दलाने २०२४ मध्ये घेतलेली अग्निवीरवायू वादक भरती मुलींनाही खुली होती. आपली मुलगी अशा ठिकाणी उभी राहील तेव्हा रबर बँड बांधलेले वाद्य घेऊन गेली, तर परीक्षकांना तिची चूक कोणती आणि वाद्याची कोणती हे कसे कळणार?

संचलनात आठ वाद्ये चमकतील ती एक सकाळ. त्याऐवजी एक वाद्य सुरात वाजावे आणि वर्षानुवर्षे वाजत राहावे, असे मला वाटते. पुढच्या बैठकीत संचालक मंडळाने याचा विचार करावा, ही नम्र विनंती. वाद्य पाहायला जायचे ठरले तर मी माझ्या खर्चाने बरोबर येईन. 'एच. पी.' ही अक्षरे आता मला लांबूनही ओळखता येतात.

— एक माजी विद्यार्थी व निवृत्त संगीत शिक्षक