अस्वस्थ पायांना वाट हवी

देवणीचे नाव निघताच तेथील डौलदार गोवंश डोळ्यांसमोर उभा राहतो. चाल, खांदा आणि खूर पाहून जनावराचे मोल करणारी पारखी नजर या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहे. तीच नजर आपल्या मुलांकडे वळताना मात्र अधू होते, हे खेदाने म्हणावे लागते. वर्गात स्वस्थ न बसणारा, पण मैदानावर वाऱ्याशी पैज लावणारा मुलगा प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. त्याला ‘वांड’ ही पदवी चटकन बहाल होते. त्याच्या पायांतील बळाची मोजदाद कोणी करीत नाही.

बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. वाहनाची सोय नसल्याने सहा किलोमीटरवरच्या शाळेत ते चालत वा पळत जात. बारावीनंतर ते महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले आणि २०१५ च्या सुमारास तेथेच त्यांच्या धावण्याला आकार आला. राष्ट्रीय शिबिरातील परदेशी प्रशिक्षकाची करडी चाकोरी मानवेना, तेव्हा ते लष्करातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्याकडे परतले. २०१८ मध्ये त्यांनी स्टीपलचेसमधील गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांचे सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी ते मिळविले. या अस्वस्थतेला केवळ बेशिस्त ठरविले असते, तर देशाचे किती नुकसान झाले असते!

अर्धशतकापूर्वी निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले. पण त्यांनाही कोल्हापूरची तालीम गाठावी लागली होती. गुण येथे उपजावा आणि त्याचे चीज अन्यत्र व्हावे, हा क्रम अद्याप पुरता बदललेला नाही.

पालकांची भीती अनाठायी नाही. कोरडवाहू शेतीच्या मुलखात परीक्षेचे गुण हाच भाकरीचा भरवसा ठरतो आणि ‘लातूर पॅटर्न’ने हजारो घरांना तो दिला आहे. शिवाय धावणाऱ्या शंभरांपैकी पदक एखाद्यालाच मिळते. परंतु म्हणूनच पुस्तक की मैदान, असा पेच मुलापुढे टाकणे अन्यायाचे आहे. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे; त्याची माहिती शाळेतच मिळाली, तर पालकांच्या भीतीची धार कमी होईल.

मागणी मोठी नाही. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताने गिळू नये. वेळापत्रकात तो छापला जातो, तसा मैदानावर भरावा. चुळबुळ्या मुलाला वर्गाबाहेर उभे करण्यापूर्वी शिक्षकाने एकदा त्याच्या हाती शिट्टीचा इशारा आणि पायांखाली मोजलेले अंतर द्यावे. अस्वस्थता हा गुन्हा नव्हे. ती वाट शोधणारी शक्ती आहे. वाट न मिळाल्यास तीच शक्ती चौकातल्या कट्ट्यावर वाया जाते आणि त्याचा दोष एकट्या मुलाच्या माथी मारता येणार नाही.