‘अर्धसत्य’चा शेवट आणि आपल्या टाळ्या

पडद्यावर पोलीस अधिकारी गुंडाचा गळा आवळतो आणि चित्रपटगृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. टाळ्या वाजविणाऱ्यांत ज्यांना पोलीस ठाण्याची पायरी चढावयाची म्हटली तरी छातीत धडकी भरते, असेही लोक पुष्कळ असतात. ज्या हाताची आपणांस भीती वाटते, त्याच हाताला आपण टाळी देतो. असे का व्हावे? या प्रश्नाचा विचार ‘अर्धसत्य’ या चित्रपटाच्या निमित्ताने करावयाचा आहे.

गोविंद निहलानी यांचा हा चित्रपट १९८३ साली प्रदर्शित झाला. मूळ कथा श्री. दा. पानवलकर यांची, मराठी. पटकथा विजय तेंडुलकर यांची. मुंबईतील सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर हा त्याचा नायक. ओम पुरी यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. वेलणकर प्रामाणिक आहे. रामा शेट्टी या गुंडाला पकडावयास तो त्याच्या अड्ड्यावर जातो. शेट्टी एक टेलिफोन करतो आणि वरिष्ठांच्या हुकुमावरून वेलणकरला हात हलवीत परतावे लागते. पुढे निलंबनाचे संकट येते तेव्हा दिल्लीपर्यंत हात पोचलेल्या मध्यस्थाकरवी ते टाळले जाते. अपमान साचत जातो, दारू वाढत जाते आणि एके रात्री किरकोळ चोरीच्या आरोपावरून आणलेला एक माणूस वेलणकरच्या मारहाणीने कोठडीत मरतो.

आता वाचविणार कोण? ज्याला पकडावयाचे होते तो रामा शेट्टीच! वेलणकर त्याच्या दारी जातो. शेट्टी मदत करावयास तयार आहे, पण अट एकच : यापुढे वेलणकरने त्याचा माणूस व्हावे. वेलणकर तेथेच त्याचा गळा दाबून त्याला ठार करतो आणि ठाण्यात जाऊन स्वतःला स्वाधीन करतो.

प्रेक्षकाला वाटते, एका मर्दाने सौदा नाकारला. आमचे म्हणणे असे की, हे अर्धेच सत्य होय. तडजोडीचा आरंभ शेट्टीच्या घरी झालेला नाही. कायद्याने नव्हे तर वशिल्याने स्वतःला एकदा वाचवून घेतले, तेव्हाच वेलणकरने आपली नीती गहाण टाकली होती. शेट्टीने फक्त व्याज मागितले. शिवाय शेट्टीचा गळा दाबणारा हात आणि कोठडीतील त्या निराधार माणसाला मारणारा हात हे दोन हात नव्हेत, तो एकच हात आहे. एका ठिकाणी त्याने दुबळ्याला मारले, दुसऱ्या ठिकाणी बलवानाला. दोन्ही ठिकाणी न्यायाधीशाची खुर्ची त्याने स्वतःच बळकावली. एका खुनाने दुसऱ्या खुनाची फेड होत नाही. त्या शेवटात कायद्याला धरून झालेले कृत्य एकच, ते म्हणजे ठाण्यात जाऊन गुन्हा सांगणे. तो मनुष्य कोठडीत मेला त्याच रात्री वेलणकर सत्य सांगता, तर त्याला शेट्टीचे दार ठोठावावेच लागले नसते.

आणि तो मेलेला मनुष्य? आपल्या टाळ्यांत त्याला कोठेच जागा नसते. नायकाचे संकट म्हणून तो कथेत येतो आणि निघून जातो. त्याची आई, त्याची बायको, त्याची मुले कोठे असतील, हे आपण विचारीत नाही. वकिली करताना हे वाक्य आम्ही वारंवार ऐकले आहे : “अहो, शेवटी चोरच होता ना?” बंधू-भगिनींनो, हे वाक्य म्हणजेच आपली तडजोड होय. ज्या घरांच्या कैक पिढ्यांवर पुराव्यावाचून संशय घेतला गेला, त्या घरांतून तरी हे वाक्य उमटू नये.

कायदा या बाबतीत मुका नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होऊ शकत नाही, हा नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातही होता आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही कायम आहे. म्हणजे मारून घेतलेली कबुली क्रूर तर आहेच, पण न्यायालयात निरुपयोगीही आहे. अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे आणि वकिलाचा सल्ला घेऊ देणे हे राज्यघटनेच्या २२ व्या कलमाने बंधनकारक केले आहे. १९४९ साली घटना समितीत ही तरतूद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीच मांडली होती. डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचा पंचनामा साक्षीदारासह करावा, नातलगास कळवावे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करावी, असे आदेश दिले. डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा हुकूम झाला. कोठडीत मृत्यू झाल्यास मॅजिस्ट्रेटकडून चौकशी व्हावयास हवी, अशीही तरतूद आहे.

परंतु कायदा कागदावर असून भागत नाही. तो मागणारा मनुष्य लागतो. वस्तीतील कोणास नेले, तर दोघाचौघांनी मिळून ठाण्यावर जावे, अटकेची वेळ लिहून घ्यावी, कागदाची प्रत मागावी, वकील गाठावा. तो निर्दोष आहे की चोर आहे, हा प्रश्न त्या वेळी आपला नव्हे. तो न्यायालयाचा आहे.

आपली मुले असले चित्रपट आता घरबसल्या पाहतात. त्यांना पाहू द्यावे. ‘अर्धसत्य’ तर अवश्य दाखवावा. मात्र शेवटी शेट्टी कोसळतो तेव्हा त्यांना एवढेच विचारावे : कोठडीत मेला त्याचा न्याय कोणी केला? ज्या घरात हा प्रश्न विचारला जाईल, त्या घरातील मुलगा उद्या खाकी वर्दी चढवील तेव्हा, दुबळ्यावर हात उगारण्यापूर्वी क्षणभर तरी थांबेल.