तांत्रिक सल्लागार : माइक होअर

पटकथालेखक आणि दिग्दर्शक मित्रहो,

भाडोत्री सैनिकांवर मारधाडपट लिहायचा म्हटलं की आजही ‘द वाइल्ड गीझ’चा (१९७८) साचा पुढ्यात घेतला जातो. जुने लढवय्ये गोळा करायचे, कसून तालीम, मोहीम, पैसे देणाऱ्याचा दगा आणि शेवटी विमानाकडे धाव. बर्टन, मूर आणि हॅरिस यांनी तो साचा लोकप्रिय केला. मात्र या चित्रपटाचे तांत्रिक सल्लागार होते माइक होअर, आणि त्या नावापाशी आपण थांबायला हवं.

होअर यांचा जन्म कलकत्त्याचा, १९१९चा. काँगोत १९६४ साली सिंबा बंड चिरडण्यासाठी पंतप्रधान मोइज चोम्बे यांनी त्यांना भाड्याने आणलं. हे चोम्बे कोण? देश स्वतंत्र होऊन दोन आठवडे होण्याआधीच, जुलै १९६०मध्ये, बेल्जियमच्या पाठबळावर तांब्याच्या खाणींचा कटांगा प्रांत फोडणारे. काँगोचे पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांना १७ जानेवारी १९६१ रोजी गोळ्या घातल्या गेल्या त्या याच कटांगात. पुढे १९६७मध्ये चोम्बे यांचं विमान पळवून अल्जीरियाला नेलं गेलं आणि १९६९मध्ये ते तिथेच कैदेत वारले.

चित्रपटात ज्याच्या सुटकेसाठी मोहीम निघते, त्या कैदी नेता लिंबानीवर चोम्बेंची सावली स्पष्ट दिसते. पडद्यावर मात्र तो संतपुरुष होतो आणि त्याला डांबणारे सैनिक ‘सिंबा’ ठरतात. त्यांना ना नाव, ना घर, ना कारण. बराकीत झोपलेल्या त्या सैनिकांवर सायनाइड वायू सोडला जातो तो प्रसंग संकलकांनी पुन्हा पाहावा. एवढं मोठं हत्याकांड निव्वळ कामातली सफाई म्हणून दाखवलं आहे. आफ्रिकेतल्या प्रसंगांचं चित्रीकरणही वर्णद्वेषी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेतच झालं. लंडनचा धनाढ्य तांब्याच्या सौद्यासाठी आपल्याच माणसांना वाऱ्यावर सोडतो, तेवढा भाग मला सर्वांत खरा वाटतो.

नोव्हेंबर १९८१मध्ये होअर स्वतः बिअरप्रेमींच्या मंडळाचं सोंग घेऊन सेशेल्समध्ये सरकार उलथायला उतरले. माहे विमानतळावर सामानातली बंदूक सापडली आणि गोळीबार सुरू झाला. तेवढ्यात सॉल्सबरीहून (आजचं हरारे) मुंबईला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७०७ तिथे उतरलं. होअर यांच्या माणसांनी ते प्रवाशांसकट डर्बनला नेलं. १९८२मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयाने होअर यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. १९८५मध्ये ते सुटले.

अशा कथेत कॅमेरा कोणाजवळ ठेवायचा, हा निर्णय पटकथेच्या पहिल्या खर्ड्यातच होतो आणि तो राजकीय असतो. ज्युनिअर आर्टिस्टांची संख्या ठरवण्याआधी, पडद्यावर मरणारे कोण आहेत आणि त्या जमिनीखाली काय दडलं आहे, हे लिहून काढा. मुंबईला निघालेल्या त्या विमानातल्या प्रवाशांच्या बाजूने पटकथा कोणी लिहीत असेल, तर आम्हाला अवश्य पाठवा.

— संपादक