बकासुराच्या गावात नाटकाचा तास
नागपूर-वर्धा रस्त्यावरचं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, भीमाने बकासुराला मारलं ते इथेच, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. ज्या गावाला असं कथानक आयतं लाभलंय, तिथल्या मुलांचं नाटक स्नेहसंमेलनापुरतंच का असावं? गाडाभर अन्न, आज आपल्या घरची पाळी म्हणून रडणारं कुटुंब, त्यांच्याऐवजी आपला मुलगा पाठवणारी कुंती... आणि गावकऱ्यांच्या तोंडी तर हवी तेवढी गाणी! धडा वाचताना अडखळणारी मुलगी तीच वाक्यं चालीवर न अडखळता म्हणते. मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा बकासुर झाला की त्याचा आवाज पटांगणभर पोचतो. शाळेत नाटक-गाण्याला जागा देणं हे काही नवं खूळ नाही. १९३७ साली वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाबरोबर संगीतालाही अभ्यासक्रमात जागा दिली. तरी परीक्षा जवळ आली की पहिल्यांदा गाण्याचाच तास गणिताला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. आठवड्यातला एक तास तरी नाटक-गाण्यासाठी पक्का ठेवा, आणि गावातल्या भजनी मंडळींना पेटी, खंजिरी घेऊन वर्गात बोलवा.